मोटरसायकलच्या ब्रीदरला ऑइल कॅच कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, वाई, कोरेगाव, पाटण या भागातले गाडीवाले ब्रीदर आणि कॅच कॅनबद्दल आमच्या गॅरेजला सतत विचारत असतात. बरेच प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. कॅन विकत घ्यायच्या आधी प्रश्न 4 नक्की वाचा. कॅन ऑइल गोळा करतो, पण ते का येतंय हे शोधायचं काम आपलंच राहतं.

1. इंजिन तर सगळीकडून बंद असतं, मग त्याला ब्रीदर कशाला?

पिस्टन खाली आला की त्याच्या खालची हवा दाबली जाते, वर गेला की तिथे पोकळी तयार होते. शिवाय पिस्टनच्या रिंग नव्याकोऱ्या असल्या तरी पेट्रोल पेटताना थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या खालच्या खोलीत) उतरतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. हा दाब बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर तो ऑइल सील नाहीतर पॅकिंग फोडून बाहेर पडतो. तसं होऊ नये म्हणून कंपनीने दिलेली वाट म्हणजे ब्रीदर.

346 सीसीच्या बुलेटचा हिशेब करून बघा. 4000 आरपीएमला पिस्टन मिनिटात 4000 वेळा खाली येतो, म्हणजे मिनिटाला जवळपास 1,400 लिटर हवा ढकलली जाते आणि तेवढीच परत ओढली जाते. ही सगळी हवा बाहेर पडत नाही, बरीचशी आतल्या आत दबते आणि पसरते. तरी ब्रीदरच्या नळीवर केवढा मार असतो ते यावरून कळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येताना दोन वर जातात, त्यामुळे आतली जागा जवळपास तेवढीच राहते. एका सिलिंडरच्या गाडीला ती सोय नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्याच आहेत, म्हणून हा विषय आपल्याकडे इतका निघतो.

2. कॅच कॅन नेमकं काय करतो?

ब्रीदरमधून निघणाऱ्या गॅससोबत ऑइलचे बारीक थेंब आणि पाण्याची वाफ असते. बहुतेक गाड्यांत कंपनी ही नळी एअर फिल्टरच्या डब्यात सोडते आणि इंजिन तो गॅस पुन्हा ओढून जाळतं. कॅन या दोघांच्या मध्ये बसतो. अरुंद नळीतून आलेला गॅस मोठ्या डब्यात शिरला की त्याचा वेग पडतो, तो आतल्या पत्र्यांवर आपटतो, थेंब खाली साचतात आणि बऱ्यापैकी कोरडा गॅस पुढे जातो. फिल्टर ऑइलने भिजत नाही, कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीत चिकट काळा थर कमी धरतो. एवढंच त्याचं काम.

3. माझ्या गाडीला त्याची गरज आहे का?

बहुतेकांना नाही. रोज पोवई नाका ते एमआयडीसी जाणारी, वेळेवर सर्व्हिसिंग होणारी 100 ते 150 सीसीची गाडी असेल तर ते पैसे चांगल्या ऑइलवर आणि चेन-स्प्रॉकेटवर घाला.

कॅनचा उपयोग होतो तो हायवेला तासन् तास वरच्या आरपीएमला पळणाऱ्या मोठ्या सिंगल (एका सिलिंडरच्या) गाड्यांना, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) वाढवलेल्या इंजिनांना आणि जुन्या कास्ट आयर्न बुलेटना. रेस ट्रॅकवर तर ब्रीदरचं ऑइल रस्त्यावर सांडून मागच्याचं चाक घसरू नये म्हणून तशी टाकी सक्तीचीच असते. आपली गाडी यात मोडते का हे कळायला साधा उपाय आहे. एअर फिल्टरच्या डब्याखाली एक आखूड बंद नळी किंवा रबरी बूच असतं. ते काढून खाली वाटी धरा. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात चमचाभर काळपट पाणी आणि ऑइल निघालं तर काही बिघडलेलं नाही. बूच काढल्याबरोबर धार लागली आणि फिल्टरचा खालचा भागही भिजलेला दिसला, तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

4. फिल्टरच्या डब्यात बरंच ऑइल येतंय. कॅन लावला की थांबेल ना?

डब्यात यायचं थांबेल आणि कॅनमध्ये जमा व्हायला लागेल. इंजिनातून निघणारं ऑइल तेवढंच राहील. म्हणून आधी कारण शोधायचं.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे ऑइल जास्त भरलेलं असणं. लेव्हल तपासायची पद्धत गाडीगणिक बदलते. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं तर पट्टी आणखी खोल जाते, लेव्हल आहे त्यापेक्षा वर दिसते. काचेची खिडकी असलेल्या गाडीत गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर बघून ऑइल वाढवलं की ते हमखास जास्त होतं, कारण गाडी डावीकडे कललेली असते आणि खिडकी उजवीकडे असली तर ती रिकामी दिसते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात पद्धत दिलेली असते, तीच पाळा. जास्तीचं ऑइल काढून चार-पाचशे किलोमीटर चालवा. पुष्कळ गाड्या इथेच बऱ्या होतात आणि कॅनचा खर्च वाचतो.

लेव्हल बरोबर असूनही ऑइल येत असेल तर रिंग आणि बोअरकडे वळायचं. गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचं झाकण सैल करून हात धरा. हलकी फुंकर सगळ्याच सिंगल गाड्यांना येते. भकाभका धूर आणि ऑइलचे शिंतोडे आले तर ब्लो-बाय वाढलाय. मग कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर गेला तर रिंग गेल्यात, कारण त्या ऑइलने रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजते. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग तपासायचं.

धुरावरूनही बरंच समजतं. यवतेश्वरचा घाट गिअरमध्ये, थ्रॉटल सोडून उतरा आणि खाली समर्थ मंदिराजवळ आल्यावर एकदम पिकअप द्या. त्या क्षणी निळा भपका येऊन लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सील आणि गाइडवर संशय घ्या. घाट चढताना, इंजिनावर लोड असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर. रिंगांचं काम निघालेल्या गाडीला कॅन लावून वर्षभर ढकलत राहणं महागात पडतं, कारण तेवढ्या काळात बोअरही घासतो.

5. केवढा कॅन घ्यावा? बाजारातला घ्यावा की बनवून?

सिंगल गाडीला 250 ते 500 मिली पुरतो. क्षमतेपेक्षा आतली रचना महत्त्वाची. ऑनलाइन मिळणारे बरेच रंगीत स्वस्त कॅन आतून पूर्ण मोकळे असतात. गॅस एका नळीतून येतो आणि शेजारच्या नळीतून ऑइलसकट निघून जातो. आत आडवे पत्रे हवेत, किंवा येणारी नळी खोलवर आणि जाणारी वरच्या टोकाला हवी. येणारी नळी साचलेल्या ऑइलमध्ये बुडेल इतकी खोल मात्र नको.

मोकळा कॅन आधीच घेतला असेल तर स्टेनलेस स्टीलची, लांब सलग तारेची भांडी घासायची घासणी आत सैलसर भरा. बारीक लोखंडी स्टील वूल अजिबात वापरू नका. ते गंजतं, त्याचे कण सुटतात आणि नळी परत इंजिनाकडे जात असेल तर तेच कण आत ओढले जातात.

एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा कॅन बनवून घेता येतो आणि तो छान बनतो. फक्त दोन्ही निपलचं आतलं भोक गाडीच्या ब्रीदर निपलएवढं ठेवायला सांगा, आणि खाली ड्रेनला प्लगऐवजी कॉक बसवून घ्या. पाना शोधावा लागला की रिकामं करायचा कंटाळा येतो.

6. नळी कोणती वापरू?

ऑइल सोसणारी नायट्राइल रबरची, आत धाग्याची वीण असलेली. आतला व्यास ब्रीदरच्या मूळ नळीएवढा किंवा थोडा मोठा. त्यापेक्षा लहान कुठेच नको, जोडातही नको. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंजिनाच्या उष्णतेने आधी मऊ पडून चेपते, मग कडक होऊन तडकते. निळी-लाल साधी सिलिकॉनची नळी दिसायला चांगली असते, पण ऑइल शोषून ती फुगते आणि क्लॅम्पखालून सुटते. वळण तीव्र असेल तर नळी मुडपण्यापेक्षा तयार एल्बो घाला.

7. कॅन गाडीवर कुठे बसवायचा?

ब्रीदरच्या तोंडापेक्षा उंचावर, आणि नळी इंजिनापासून कॅनपर्यंत सतत चढती. चांगल्या फिटिंगचा हा गाभा आहे. नळी चढती असली की तिच्या भिंतीला लागलेलं ऑइल आपोआप परत इंजिनात उतरतं आणि कॅनमध्ये फक्त बारीक फवारा पोचतो. नळीला मध्ये झोळ पडला की त्या खोलगट जागी ऑइल आणि पाणी साचून बूच बसतं. मग प्रत्येक स्ट्रोकला ते बूच पुढे ढकललं जातं, कॅन भराभर भरतो आणि मालकाला वाटतं इंजिन ऑइल खातंय. अशी गाडी आली की आम्ही आधी नळी काढून फरशीवर उपडी करतो. झोळ होता त्याच ठिकाणाहून तपकिरी पाणी आणि ऑइल बदकन पडतं. नळी कापून आखूड केली की तक्रार संपते.

बुलेट, क्लासिकसारख्या गाडीत साइड पॅनेलच्या आत बॅटरीच्या बाजूला किंवा सीटखाली जागा निघते. हिमालयनसारख्या गाडीवर बरेच जण पुढच्या फ्रेमच्या पाइपला क्लॅम्प करतात. तिथे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी कुठे अडत नाही ना, ते पाहा. सायलेन्सरच्या बेंडच्या वर कॅन कधीही लावू नका. गळती झाली तर ऑइल लाल तापलेल्या पाइपवर पडतं आणि पेट घेऊ शकतं. मागच्या टायरच्या वाटेतही नको. केबल टायने बांधलेला कॅन खड्ड्यांनी निसटतो, म्हणून लोखंडी पट्टी, रबरी बुश आणि नायलॉक नट वापरा.

8. कॅनमधला गॅस परत फिल्टरच्या डब्यात सोडू की छोटा फिल्टर लावून हवेत?

परत डब्यात. या बाबतीत आमचं मत पक्कं आहे. हवेत सोडला तर सिग्नलला थांबल्यावर कच्च्या पेट्रोलचा आणि जळक्या ऑइलचा वास नाकात जातो, आणि त्यात न जळलेलं पेट्रोल खरोखर असतं. कायद्याची बाजूही आहे. नव्या गाड्यांना क्रँककेसचा गॅस हवेत जाणार नाही या अटीवरच मंजुरी मिळालेली असते. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बंधन घालतं. पीयूसी काढताना तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये जाते, त्यामुळे उघडा ब्रीदर तिथे पकडला जात नाही. पकडला गेला नाही म्हणून तो चालतो असं होत नाही.

कुणी आधीच उघडा कॅन लावून दिला असेल तर फिल्टरच्या डब्यावरचं ब्रीदरचं जुनं भोक बंद आहे का, ते आज तपासा. ते उघडं राहिलं आणि फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूला असलं तर ऊस वाहतुकीच्या दिवसांतली सगळी धूळ थेट इंजिनात जाते.

9. बीएस 6 गाडीला लावता येईल का? तिला नळ्याच नळ्या आहेत.

लावता येतो, पण योग्य नळी ओळखणं हेच खरं काम. एक नळी फिल्टरच्या डब्यातून हेडवरच्या छोट्या व्हॉल्व्हकडे जाते. ती एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडण्यासाठी असते, तिचा क्रँककेसशी संबंध नाही. पेट्रोलच्या टाकीतून एक बारीक नळी काळ्या डब्याकडे म्हणजे कॅनिस्टरकडे आणि तिथून थ्रॉटल बॉडीकडे जाते. ती पेट्रोलच्या वाफेची. या दोन्हींना हात लावायचा नाही. ब्रीदरची नळी साधारणपणे जाड असते आणि क्रँककेस, गिअरबॉक्सचा वरचा भाग किंवा हेड कव्हर यांपैकी एका जागेहून निघून थेट फिल्टरच्या डब्यात जाते.

गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. इंजिनाची काही तक्रार निघाली तर बाहेरून बसवलेल्या वस्तूवर बोट ठेवलं जातं. वॉरंटीच्या काळात डब्यात जास्त ऑइल येत असेल तर फोटो काढून सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या. तो तुमचा हक्क आहे.

10. पावसाळ्यात कॅनमध्ये लोण्यासारखा पांढरट चिकट थर जमतो. हेड गॅस्केट गेलं का?

जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एअर-कूल्ड गाडीत पाण्याचं जॅकेटच नसतं, त्यामुळे गॅस्केटमधून पाणी येण्याचा प्रश्न नाही. ते पाणी ज्वलनातून आलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं आणि थंड भागावर जमून ऑइलमध्ये घुसळलं जातं. कॅन इंजिनापासून लांब आणि थंड असल्याने थर आधी तिथेच दिसतो.

महाबळेश्वर, कास, बामणोली भागात पावसाळ्यात हवेत ओल भरपूर आणि गारवाही, शिवाय गाडी दुधाला नाहीतर दुकानापुरती दोन-चार किलोमीटर फिरते. इंजिन पुरतं तापतच नाही, म्हणून आतलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही. गाडी सलग निदान अर्धा तास, शक्यतो चढाला, चालवा. डिपस्टिकवरचा पांढरेपणा गेला तर चिंता नको. मे महिन्यात हायवेला पळणाऱ्या त्याच गाडीच्या कॅनमध्ये पातळ काळं ऑइल निघतं, पाणी जवळपास नसतंच.

लिक्विड-कूल्ड गाडी असेल, कूलंट कमी होत असेल आणि लांब चालवूनही ऑइल दुधी राहत असेल, तर मात्र गाडी बंद ठेवा आणि वॉटर पंपाचं सील व हेड गॅस्केट तपासून घ्या.

11. कॅन किती दिवसांनी रिकामा करू? निघालेलं ऑइल परत ओतलं तर चालेल?

पहिले काही आठवडे दर रविवारी बघा, म्हणजे तुमच्या गाडीचा कॅन किती वेगाने भरतो ते कळेल. पावसाळ्यात अर्धा भरायच्या आत. परत ओतू नका, त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. गटारात किंवा शेताच्या बांधावरही टाकू नका, जुनं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ऑइल बदलणाऱ्या गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, कुणी नाही म्हणत नाही.

12. कॅन लावल्याने पिकअप किंवा मायलेज वाढेल?

नाही.

13. कॅन लावल्यापासून स्प्रॉकेटजवळचं सील गळायला लागलं. योगायोग का?

बहुधा नाही. कुठेतरी वाट अरुंद झाली आहे. लहान निपल, मुडपलेली नळी, झोळात साचलेलं पाणी (प्रश्न 7), घासणी ठासून भरलेली (प्रश्न 5) किंवा उलटा बसवलेला व्हॉल्व्ह (प्रश्न 14), यांपैकी एक सापडेल. नळी ब्रीदरवरून काढून थोडं अंतर चालवा. गळती कमी झाली तर दोष फिटिंगचा आहे. ते नीट करून मगच सील बदला, नाहीतर नवंही जाईल.

14. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला तर आणखी फायदा होतो म्हणतात?

जुन्या, कंपनीचा व्हॉल्व्ह नसलेल्या मोठ्या सिंगलला होतो. गॅस बाहेर जातो, आत येत नाही. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित ओढ राहते आणि बारीक गळत्या कमी होतात. व्हॉल्व्ह इंजिनाला जितका जवळ तितका चांगला. कारचा पीसीव्ही (क्रँककेसचा गॅस सोडणारा) व्हॉल्व्ह घालू नका, सिंगलच्या झटपट धक्क्यांसाठी तो बनलेला नाही. बसवण्याआधी तोंडाने फुंकून दिशा पाहा: इंजिनाच्या बाजूने फुंकल्यावर हवा गेली पाहिजे, उलट बाजूने अडली पाहिजे. नव्या गाड्यांत कंपनीनेच ब्रीदरची रचना केलेली असते, तिथे काही वाढवू नका.

15. वडिलांची कास्ट आयर्न बुलेट महिनाभर उभी होती. सुरू करताच ब्रीदरमधून ऑइलची धार. कॅन मोठा घेऊ का?

मोठा कॅनही भरून वाहील. या इंजिनात ऑइलची टाकी केसिंगमध्येच, पण क्रँकपासून वेगळी असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपातून झिरपून ऑइल क्रँकच्या खोलीत उतरतं. सुरू केल्यावर क्रँक ते उडवतो आणि ते ब्रीदरमधून निघतं.

यात एक मोठा धोका आहे. उभ्या गाडीची डिपस्टिक ऑइल कमी दाखवते, कारण ते टाकीतून खाली गेलेलं असतं. मालक अर्धा लिटर ओततो. गाडी सुरू झाल्यावर खालचं ऑइल पंप वर आणतो आणि टाकी भरून वाहते. म्हणून बुलेट काही मिनिटं चालवून, बंद केल्यावर लगेच लेव्हल बघायची. बरेच दिवस उभी राहिली असेल तर सुरू करण्याआधी क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून साचलेलं ऑइल काढा आणि स्वच्छ असेल तर गाळून टाकीत भरा. ब्रीदरच्या टोकाचा रबरी डकबिलही (बदकाच्या चोचीसारखा, गॅस फक्त बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. वर्षांनुवर्षांत तो कडक होऊन उघडा राहतो. तो स्वस्त मिळतो आणि बदलला की निम्मा त्रास कमी होतो. एवढं करूनही दर आठवड्याला खालचा भाग भरत असेल तर ऑइल पंप उघडावा लागेल.

16. आरएक्स 100 ला कॅच कॅन लावायचाय.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, तो बंदच असावा लागतो. तिथे ब्रीदर नसतो. गिअरबॉक्सला वेगळा छोटा ब्रीदर असतो, त्यातून ऑइल येत असेल तर गिअर ऑइल जास्त भरलंय किंवा क्रँकचं सील गेलंय.

17. गाडी घाटात आडवी पडली, कॅन पूर्ण भरला. लगेच सुरू करू का?

नको. गाडी सरळ उभी करून दहा मिनिटं थांबा. कॅन रिकामा करा, फिल्टरच्या डब्याचं बूच काढून तिथलं ऑइल सोडा, मग इंजिनाची लेव्हल बघा. डब्यात बरंच ऑइल आलं असेल तर प्लग काढून चार-पाच किक मारा. प्लगच्या भोकातून ऑइल उडालं तर सिलिंडरपर्यंत पोचलंय. ते पूर्ण निघेपर्यंत सेल्फ मारू नका, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सुरू झाल्यावर थोडा वेळ धूर येईल, तो नॉर्मल आहे.

18. लडाखला निघालोय. कॅन ठेवू की काढून जाऊ?

ठेवायला हरकत नाही, पण नळीतलं आणि कॅनमधलं पाणी रात्री गोठतं आणि वाट बंद होते. सकाळी सुरू केल्यावर डिपस्टिक उडते किंवा सील जातं. रोज मुक्कामाला पोचल्यावर, इंजिन गरम असतानाच कॅनचा कॉक उघडा. सकाळी सुरू करण्याआधी नळी हाताने दाबून बघा. आत कडक लागलं तर उन्हात येईपर्यंत थांबा किंवा कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी घाला. नळीला झोळ असेल तर तो निघण्याआधी इथेच काढून घ्या.